तंबोरा आणि बत्तीस जीबी

आमच्या सोसायटीतले एक काका ‘एमपीथ्री’ हा शब्द ‘डालडा’ म्हणावं तशा तोंडाने उच्चारतात. त्यांच्या मते गाणं असतं ते फ्लॅकमध्ये, बाकी सगळा चोथा.

हिशेब त्यांच्या बाजूने आहेच. सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात, त्यामुळे तासाभराचा ख्याल 635 एमबीच्या घरात जातो. फ्लॅक काहीही न गमावता तो साधारण निम्म्यावर आणते. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत तोच जेमतेम 58 एमबी. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, मग तो साठवायचा कशाला? ही काटकसर जर्मनांना सुचली, सदाशिव पेठेत नाही, याचं पुणेकर म्हणून मला आजही वाईट वाटतं.

आता काका हे ऐकतात कुठे, तर स्वारगेटच्या बसमध्ये. खिडकीची काच थडथडतेय, मागच्या बाई कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या ते फोनवर कुणाला तरी तिसऱ्यांदा सांगताहेत. ज्या बारकाव्यांसाठी अडीचशे एमबी जास्त मोजले, ते नळ स्टॉपलाच उतरून जातात. शिवाय कानात ब्लूटूथ. बहुतेक ब्लूटूथ इअरफोनांकडे जाणारा आवाज वाटेत पुन्हा आवळला जातो, हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. वय झालंय त्यांचं.

फरक पडतो तो तंबोऱ्याला. एकच मैफल 64 आणि 256 वर करून रात्री दारं लावून ऐकली. 64 वर गायकाचं फारसं बिघडलं नाही, पण जवारी पाण्यात बुडाल्यासारखी गुळगुळत होती आणि टाळ्यांची नुसती चरचर. 256 वर मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, मला सांगता येईना. काकांना म्हटलं, डोळे मिटून ओळखा. “अरे, माझा कान काय परीक्षेला बसवतोस?”

गंमत म्हणजे काकांचं दैवत अब्दुल करीम खाँ. ज्यांच्या नावाचा महोत्सव पुण्यात 1953 पासून भरतो, त्या सवाई गंधर्वांचे गुरू. खाँसाहेबांचं गाणं उरलंय ते 78 आरपीएमच्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. जे तबकडीवर उमटलंच नाही, ते फ्लॅक कुठून आणणार? खरखर मात्र अस्सल, एक कणही न गमावता जपलेली! आणि तरीही त्या खरखरीतून खाँसाहेबांचा सूर लागला की काका गप्प होतात. मीही होतो.

माझा निवाडा असा: बससाठी 128 पुरे, तंबोरा जिवाभावाचा असेल तर 256. मूळ फ्लॅक घरच्या हार्ड डिस्कवर राहू द्यावी. फ्लॅकची एमपीथ्री केव्हाही होते, पण एमपीथ्रीची फ्लॅक केली म्हणून गेलेलं परत येत नाही. आणि एवढं करूनही फोनमधलं बत्तीस जीबीचं कार्ड भरलंच, तर ख्यालाला हात लावण्याआधी सुप्रभातचे गुलाब उडवा.