पाण्याचा एक आणि गुंठ्याचे एकशे एक

मे महिन्यात दुपारी तीन वाजता पिरवाडीच्या किनाऱ्यावर अनवाणी चालू नये, हे उरणमध्ये वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी मी चाललो, कारण माझ्या चपला भाचीच्या पायात होत्या. तिची एक चप्पल सकाळी भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना पाण्यात गेली होती, आणि मामा कशाला असतो ते अशाच वेळी कळतं. टणाटण उड्या मारत मी पाणी गाठलं. पाय बुडवले, तर गार!

‘‘ऊन मात्र दोघांवर सकाळपासून सारखंच पडतंय,’’ ती माझ्या चपलांतून शांतपणे म्हणाली. ‘‘विशिष्ट उष्माधारकता, मामा.’’

हा शब्द दहावीत मीही पाठ केला होता. तो पूर्ण उच्चारेपर्यंत वाळू आणखी एक अंश तापत असावी. अर्थ मात्र साधा आहे. एक ग्रॅम पदार्थाचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला किती उष्णता लागते, एवढंच. पाण्याला एक कॅलरी लागते, कोरड्या वाळूला साधारण तिचा पाचवा हिस्सा. म्हणून वाळू लगेच चिडते आणि पाणी ‘बघू’ म्हणतं. अर्थात सगळं श्रेय या एका आकड्याला देणं बरं नव्हे. वाळूत ऊन वरच्या पातळ थरातच अडकून बसतं. पाण्यात ते खोल उतरतं आणि लाटा ते ढवळत राहतात.

याच फरकावर आमच्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिडं फुगवली. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारे उलटे समुद्राकडे निघतात. पहाटेच्या मतलईवर होडी बाहेर काढायची आणि दुपारच्या खाऱ्यावर घरी परतायचं. डिझेलचं इंजिन येण्याआधी जाण्यायेण्याचा सगळा खर्च ही उष्माधारकताच सोसत होती.

घरी आल्यावर भाचीनं वही उघडली. गणित असं : वाळूचे ०.२ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस, याचे ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्विन करा. तिनं ४.१८६ ने गुणलं, ग्रॅमचे किलो केले म्हणून हजारानं गुणलं, आणि मग केल्विन दिसल्याबरोबर भक्तिभावानं २७३ मिळवले.

‘‘ते कशाला?’’

‘‘केल्विन आला की मिळवायचे असतात ना!’’

नसतात. निदान इथे तरी नसतात. सेल्सिअस आणि केल्विन या दोन्ही जिन्यांची पायरी सारखीच उंच; फक्त जिना कुठून सुरू होतो ते वेगळं. आपण एक पायरी चढायचा खर्च विचारतोय, कितव्या मजल्यावर उभे आहोत ते नाही. उत्तर साधारण ८३७. आणि पाण्याचं? ४१८६.

‘‘अगंबाई, एकाचे एकदम चार हजार!’’ वडे तळता तळता आई म्हणाली. ‘‘म्हणजे गुंठ्यासारखंच की.’’

आईचं विज्ञान आठवीत थांबलं, पण एककं बदलण्यात उरण तालुक्याचा हात कोणी धरू नये. सिडको आली, बंदर आलं, गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. तेव्हापासून आमचं बोलणं गुंठ्यात आणि कागद चौरस मीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर आणि वर थोडं. ओटीवर बसलेली म्हातारी माणसंही हे तोंडी करतात. आकडा शंभरपट झाला म्हणून बांध कधी एक बोटही सरकला नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पाण्याचंही तेच. कॅलरी ठरवली तीच मुळी पाण्याला समोर बसवून, म्हणून पाण्याचा आकडा एक. ज्यूल ठरवताना पाण्याला कोणी विचारलं नाही. तो बळ आणि अंतर यांच्या गुणाकारातून आला. म्हणून तिथे बिचाऱ्याच्या वाट्याला ४१८६ सारखा ओबडधोबड आकडा.

पण खरी मौज बीटीयूची. हे ब्रिटिश माप ब्रिटिशांबरोबर गेलं असं कोणाला वाटेल. पण बॉम्बे हायचा गॅस समुद्राखालच्या नळांतून उरणच्या ओएनजीसीत येतो आणि देशात गॅसचा भाव आजही दशलक्ष बीटीयूला इतके डॉलर असाच बोलला जातो. आमचा दीड टनाचा एसी म्हणजे तासाला अठरा हजार बीटीयू. एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायचं, की झाला एक बीटीयू. मग वाळूचे ०.२ या मापात किती?

भाचीनं मोठा आकडेमोडीचा पसारा मांडला. एक बीटीयू म्हणजे २५२ कॅलरी. पाउंड ४५३.६ ग्रॅमचा. फॅरनहाइटची पायरी सेल्सिअसच्या पाच नवमांश. ४५३.६ ला पाचानं गुणून नवानं भागलं, तर आले बरोबर २५२. वर २५२, खाली २५२. उत्तर पुन्हा ०.२!

‘‘म्हणजे एवढं सगळं करून काहीच बदललं नाही?’’

तिला फसवल्यासारखं वाटलं. मला मात्र हा हिशेब फार आवडतो. दोन्ही मापं पाण्यालाच एक धरून बसलेली. मग वाळू पाण्याच्या एक पंचमांश हे इंग्लंडमध्येही खरं आणि पिरवाडीतही.

एवढ्यात वडे आले. वरचं आवरण सोसवेल इतकं निवलं होतं, म्हणून मी निर्धास्त चावा घेतला. आतला बटाटा बहुतांशी पाणी असतो, हे मला कोणत्याही एककात आठवलं नाही. जीभ पोळली.

रात्री साडेआठला पुन्हा किनाऱ्यावर गेलो. वाळू गार पडली होती, पाणी अजून कोमट होतं. भाचीनं तेव्हा माझ्या चपला परत केल्या. ओल्या.