बाण छापणाऱ्या केबल-कारखानदारांस अनावृत पत्र



स्पीकरच्या तारेवर बाण छापून आपण आवाजाला वाट दाखवलीत, याबद्दल लोहारा तालुक्यातल्या समस्त साऊंडवाल्यांनी आपले ऋणी राहायला हवे. सप्ताह असो, लग्न असो, जयंती असो, ही मंडळी हाती येईल ते टोक बेधडक ॲम्प्लिफायरला जोडतात. दोनांपैकी एकाच स्पीकरचे लाल-काळे उलटे झाले की बेस पडतो, हे त्यांना कळते. पण तो दोन तारांच्या अदलाबदलीचा प्रश्न, तारेच्या दिशेचा नव्हे. तारेलाही पुढे-मागे असते, हे ज्ञान तुम्ही दिलेत. अडचण एवढीच, की त्या तारेत प्रत्यावर्ती प्रवाह असतो. १००० हर्ट्‌झचा सूर लागला की तो सेकंदाला हजारदा पुढे जातो आणि हजारदा मागे येतो, म्हणजे निम्मा वेळ तुमच्या बाणाविरुद्धच. शिवाय स्पीकरला दोन तारा लागतात. एकीतून प्रवाह जातो तेव्हा दुसरीतून परततो, आणि बाण मात्र दोघींवर एकच! तार ओढताना तांब्याचे कण लांबतात, म्हणून दिशा येते, असे तुम्ही सांगता. कण लांबतात, खरे. पण लांबलेल्या कणाची दोन्ही टोके सारखीच असतात. तांबे प्रवाहाला एका दिशेने सोपे आणि दुसऱ्या दिशेने अवघड असते, तर लाटेची एक बाजू दबली असती आणि ती विकृती मोजता आली असती.

‘पण फरक ऐकू येतो,’ हे तुमचे शेवटचे अस्त्र. येतही असेल. पिन काढून पुन्हा बसवली की तिच्यावरचा गंज घासला जातो, संपर्क सुधारतो. मग त्याच दिशेने पुन्हा जोडून बघा, तेवढाच फरक पडेल. ऐकणाऱ्याला कोणते टोक कुठे आहे हे न सांगता चाचणी घ्या, बाण झाकून.

तुमच्याकडच्या एखाद्या इंजिनिअरची मात्र मला कीव येते. काही केबलींत बाहेरची जाळी मुद्दाम एकाच टोकाला जोडलेली असते, गुणगुण कमी व्हावी म्हणून. तिथला बाण प्रामाणिक. जाळी कुठल्या बाजूला जोडली आहे एवढेच तो सांगतो. त्या बिचाऱ्याची खूण विक्रीवाल्यांनी उचलली आणि दिसेल त्या तारेवर ठोकली.

आता उपरोध पुरे. एक चौरस एमएमची शंभर मीटर तार आठ ओहमच्या स्पीकरला लावली, तर जाऊन-येऊन साडेतीन ओहमच्या आसपास रोध तारेतच होतो आणि स्पीकरला मिळायच्या शक्तीपैकी जेमतेम निम्मी उरते. अडीच चौरस एमएमची घेतली तर पाऊण हिश्शाजवळ पोचते. मंडपात आवाज उतरतो तो ही जाडी कमी पडल्यापायी, आणि बाणाच्या नावाखाली तुम्ही घेता ते पैसे नेमके या जाडीचे असतात. वर्गणीतून साऊंड लावणाऱ्या गावाला हे न सांगता बाण विकणे ही लबाडी आहे. बाण पुसा. त्या जागी तांबे किती चौरस एमएमचे आहे ते छापा, आणि छापाल तेवढेच आत भरा.

कळावे.