कोणतं वायगाव?

माझ्या बहिणीचं सासर वायगावचं. एवढं म्हटलं की वर्ध्यातला माणूस हमखास विचारतो, "कोणतं वायगाव जी?" कारण वर्ध्याजवळ एक वायगाव (निपाणी) आहे आणि तिकडे समुद्रपूर तालुक्यात वायगाव (हळद्या). बहीण दुसऱ्या वायगावात पडली. तिथली हळद इतकी नामांकित की थेट गावाच्या नावात, कंसात जाऊन बसली. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढे कधीतरी भाच्याच्या डोक्यात शिरलं, की हळद व्यापाऱ्याच्या काट्यावर न घालता थेट गिऱ्हाइकाला विकायची. त्याला वेबसाइट लागते. वेबसाइटला मजकूर लागतो. आणि आमच्या घराण्यात मजकूर म्हटला की सगळे माझ्याकडे बघतात. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हा माझाच दोष.

मी जीव ओतून लिहिलं. मथळा दिला, 'पीतवर्णी वसुंधरेचं सुवर्णदान'. आत 'हरिद्रा', 'कांचनकांती', 'आरोग्याची अधिष्ठात्री'. हळद हा शब्द मुद्दाम टाळला. तो फार घरगुती वाटला. बहिणीनं ऐकलं आणि म्हणाली, "दादा, हे सारं बेस आहे, पण याच्यात हयद कुठी आहे?" मी हसलो. गावातल्या बायकांना ललित गद्य कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

वेबसाइट एका पोरानं करून दिली. दिसायला देखणी. पत्ता टाकला की पिवळीधमक उघडायची. पण गूगलवर 'वायगाव हळद' टाका, जग सापडायचं, आम्ही नाही. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या फोनवर शोधून पाहिलं, जणू माझ्या फोनवर नसली तरी भाऊजींच्या फोनवर असेल. भाऊजी म्हणाले, "ज्याले घर माहीत आहे त्यालेच घर सापडते, अशी पाटी कोणाच्या कामाची?"

मग एका तज्ज्ञाचा फोन आला. सात दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटीसह. त्याची युक्ती अशी की पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हळद' हा शब्द दोनशे वेळा लिहायचा. माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतो. वर 'कीवर्ड' नावाचा एक छुपा रकाना भरायचा. त्या रकान्याकडे आपण क्रम लावताना बघतच नाही, हे गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं होतं आणि लपवलेल्या अक्षरांना ते लबाडी मानतं, हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. पण दोनशे वेळा हळद ऐकून बहीणच फोनमध्ये ओरडली, "वरणात जास्त झाली त वरण कडू होते न बापा!" तज्ज्ञ तिथंच संपला.

शेवटी भाची नागपूरहून सुट्टीला आली. कॉम्प्युटर शिकते. पाच मिनिटं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मामाजी, तुमचा लेख कुठी आहे? हा त फोटो आहे!"

झालं होतं असं. मी लेख टाइप केला होता शाळेच्या वार्षिक अंकासाठी वापरायचो त्या जुन्या फाँटमध्ये. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे सोंगाड्या: आतून इंग्रजी अक्षरं, वरून देवनागरीचा अंगरखा. फाँट काढला की 'कांचनकांती'च्या जागी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर वाचता येतं. माझ्या मजकुराला तो नव्हता. त्या पोरानं खिचडी बघितली, माझ्या वयाचा मान राखला, आणि काही न विचारता आख्ख्या लेखाचं चित्र करून चिकटवलं. चित्राचं नाव 'फायनल नवीन दोन'.

"गूगलचा एक प्रोग्राम असते, मामाजी. कोळीच म्हणा न. लिंका धरून या पानावरून त्या पानावर फिरते, जे वाचता येईल ते वहीत टिपते. कोणी काही शोधलं का ते वही पाह्यते. तो इथी आला त त्याले काय दिसलं? फायनल नवीन दोन."

अर्थात तो आलाही नव्हता. साइट बनत असताना 'सर्च इंजिनांनी इकडे फिरकू नये' अशा अर्थाच्या चौकटीत त्या पोरानं खूण केली होती आणि काढायला विसरला होता. म्हणजे दुकान थाटून दारावर आम्हीच 'आत येऊ नये' लावलं होतं. माझं सुवर्णदान जगापासून असं दुहेरी बंदोबस्तात होतं.

भाचीनं मग मला समोर बसवलं आणि प्रश्न विचारले. लोक काय टाइप करतील? हळद, हल्दी, हळद पावडर, किलोचा भाव. हरिद्रा कोण टाइप करेल? मी म्हणालो, वैद्य. ती म्हणाली, "वैद्य आयुर्वेदाच्या दुकानात जाते." वर्धा इंग्रजीत कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं; वायगावचं तेच. आठ एमबीचे फोटो छोटे केले, नाहीतर साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक परजिल्ह्यात जातं. प्रत्येक फोटोला साधं वर्णन: 'शिजवून वाळवलेली हळकुंडं'. वर्णन लिहिताना मी 'रवितेजात न्हालेली' असं सुचवून पाहिलं. तिनं नुसतं बघितलं.

माझा चेहरा पडलेला पाहून भाऊजींनी गांधीजी काढले. वर्ध्यात शेवटी सगळं तिथंच येतं. १९३६ साली बापू वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि टपालाचा घोळ सुरू झाला. सेगावची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. जगभरची पत्रं येणारा माणूस, पण पोस्टाच्या लेखी शेगाव मोठं, रेल्वेच्या रुळावरचं. बापूंनी पोस्टाशी भांडण काढलं नाही. १९४० साली गावाचंच नाव सेवाग्राम झालं. "आता टाक सेवाग्राम," भाऊजी म्हणाले, "दुसरं निघते का?" बापूंना जे कळलं ते मराठीच्या मास्तराला कळायला २०१६ उलटून गेलं होतं.

मथळा बदलला: 'वायगाव हळद, थेट शेतकऱ्याकडून, जिल्हा वर्धा'. मला तो तहसीलच्या नोटिशीसारखा वाटतो. पण चौकटीतली खूण काढून, पानांची यादी गूगलकडे पाठवून काही आठवडे गेले आणि आम्ही सापडलो. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर, खाली. माझा 'सुवर्ण' शब्द एका कोपऱ्यात मी गुपचूप ठेवला होता. त्याच्या जोरावर आलेल्या एका गृहस्थांनी फोन करून तोळ्याचा भाव विचारला, तेव्हा तोही गेला.

आणि एका रविवारी खरं गिऱ्हाईक आलं. अमरावतीहून गाडीनं, पाच किलोची ऑर्डर. फोन आला, "आलो जी, वायगावात उभा आहे, हळदीचं कोणी काही सांगत नाही."

भाच्यानं विचारलं, "कोणत्या वायगावात?"

निपाणी. भाचा पिशवी घेऊन मोटारसायकलवर निघाला. त्या संध्याकाळी भाचीनं मला फोन करून एक वाक्य मागितलं, पहिल्या पानावर सगळ्यात वर टाकायला. आज आख्ख्या साइटवर माझं तेवढंच लेखन आहे: 'आमचं वायगाव हळद्याचं, तालुका समुद्रपूर. निपाणीचं नव्हे.'