राणी, सौ. आणि कुटुंबप्रमुख

नवव्या शतकात इंग्लंडच्या वेसेक्स राज्यात राजाच्या बायकोला राणी म्हणत नसत. आधीच्या एका राणीने कालवलेलं विष चुकून नवऱ्याच्याच पोटात गेलं, एवढं निमित्त. वरळीच्या बीडीडी चाळीत विषाचीही गरज पडली नाही. खोली १६० चौरस फूट, पाटीवर नाव नवऱ्याचं. बाई फार तर लग्नपत्रिकेत ‘सौ.’ म्हणून. संभाजीराजांनी येसूबाईंना स्वतंत्र शिक्का दिला होता, पण तो रायगडाकडचा मामला! २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने मात्र घरातली थोरली बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख झाली. म्हणजे पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचा मान अधिकृत. आता चाळीच्या जागी मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांच्या नव्या फ्लॅटवर दोघांची नावं लावू म्हटलं, तर आमचे साहेब म्हणतात, “पाटी लहान आहे गं.”