सेमाडोहात हायड्रोजन भरून मिळेल

परतवाडा सोडून धारणीकडं निघालं की घाट चढता चढता पेट्रोलचा काटा खाली येतो, आणि सेमाडोहला माणूस पंपाऐवजी किराणा दुकान शोधू लागतो. तिथं पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळतं. पंपापेक्षा महाग, पण ओळख असली तर उधार. ही मागासलेली व्यवस्था आता फार दिवस टिकायची नाही.

कारण 4 जानेवारी 2023 ला केंद्रानं 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं 8,562 कोटींचं धोरण आणलं. पहिल्या 500 प्रवासी गाड्यांना किमतीच्या 30 टक्के, म्हणजे गाडीमागं 60 लाखांपर्यंत अनुदान. उरलेले 70 टक्के तेवढे आपण घालायचे. यंदा मोह बरा पडला तर बघू. नितीनभाऊ गडकरी तर मार्च 2022 मध्येच हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत पोचले, ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरची बसही अवतरली. शेजारचं हरिसाल 2016 साली डिजिटल गाव झालंच होतं. आता आमची पाळी.

या गाडीच्या नळीतून धूर निघत नाही, पाणी निघतं! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या मेळघाटाला याहून काय पाहिजे? एका किलो हायड्रोजनमागं नऊ लिटर. बायांनी बसच्या मागं हंडे घेऊन रांग लावायची. मात्र तो किलो बनवतानाही निदान तितकंच पाणी घालावं लागतं, हे सरपंचांना इतक्यात सांगू नये.

गावातल्या वायरमनला मी हे सगळं समजावलं. किलोभर वायूला पन्नासेक युनिट वीज लागते. दोन बल्ब आणि एक पंखा असलेल्या घराचा त्यात महिना निघतो. मग तो वायू हवेच्या 700 पट दाबानं टाकीत कोंबायचा आणि गाडीत त्याची पुन्हा वीज करायची.

"पुन्हा वीजच? उरते किती?"

"साधारण तिसरा हिस्सा."

"मंग सिधी बॅटरीतच काऊन नाई भरत?"

खत, पोलाद, लांब पल्ल्याचे ट्रक यांना हायड्रोजन लागेलही, पण तुझा प्रश्न धोरणात बसत नाही, असं मी त्याला बजावलं.

"समजलं," तो म्हणाला, "मधात कमिशनवाला बसला हाय."