म्हणजे कशात?

नळदुर्गच्या बसस्टँडजवळ चहा पिताना कुणी सहज म्हणालं, "सोलापूर पन्नास," की शेजारच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे कशात?" किलोमीटर, मिनिटं की तिकिटाचे रुपये, हे कळल्याशिवाय आमच्या सरांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

वय पस्तिशीचं, शिक्षण सिव्हिलचं, नोकरी पुण्याच्या फर्मची आणि ऑफिस माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे बसून सर अजून न बांधलेल्या इमारतींचं पाप मोजतात. सिमेंट, सळई, विटा तयार होण्यापासून इमारत पाडेपर्यंत किती कार्बन हवेत जाणार, याचा जन्म ते मरण हिशोब. आर्किटेक्टचं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं, घनफळ काढायचं, त्यावरून वजन, वजनावरून कार्बन. सोपं आहे. फक्त मॉडेल मिलिमीटरमध्ये आहे की मीटरमध्ये, एवढं कुणीतरी सांगायला हवं. कुणीही सांगत नाही.

एकदा सॉफ्टवेअरने मिलिमीटर हे मीटर समजून वाचले. बारा मीटरचा बंगला बारा किलोमीटरचा झाला, नऊ इंची भिंत 230 मीटर जाड झाली आणि घनफळ शंभर कोटी पट. सर अशा चुकीवर खूश असतात. "दिसते तरी!" त्यांचा खरा राग फुटावर. फुटाला मीटर समजलं तर घनफळ पस्तीस पट होतं, पण पडद्यावर बंगला बंगल्यासारखाच दिसतो.

मॉडेल ज्या आयएफसी फाईलमधून येतं, ती त्याहून अवघड. तिच्यात लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांची एककं वेगवेगळी नोंदवलेली असतात. लांबी मिलिमीटरमध्ये आणि घनफळ घनमीटरमध्ये, असं सर्रास सापडतं. अर्धवट हुशार माणूस लांबीला हजाराने भागतो, त्याच झपाट्यात घनफळाला शंभर कोटींनी भागतो आणि अख्ख्या इमारतीचं काँक्रीट चिमटीत मावतं. असा अहवाल पर्यावरणाला इतका अनुकूल येतो, की तो पुन्हा तपासा म्हणायला मालक काही येत नाही.

ही सवय ऑफिसात राहिली असती तर हरकत नव्हती. पण सरांनी घर बांधायला काढलं.

"मिस्त्री, खडी किती?"

"तीन ब्रास."

"आन् प्लास्टर?"

"ते बी तीन ब्रास."

सर मटकन खाली बसले. खडीचा ब्रास शंभर घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. प्लास्टरचा ब्रास शंभर चौरस फूट, म्हणजे 9.29 चौरस मीटर. सळई विचारली तर "चार सूत". सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सूत 12.7 मिलिमीटर भरायला हवं आणि सळई तर 12 ची. त्या 0.7 मिलिमीटरवरून काम अर्धा दिवस बंद. शेवटी मिस्त्री म्हणाले, "सर, तुमी लई घोळ घालूलालाव. भिंत वळंब्यात हाय न्हवं?" होती.

भाजीवाल्या मावशींनाही सुटका नाही. "पावशेर म्हणजे 250 ग्रॅम, का जुन्या ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पाव, 233 ग्रॅम?" मावशी उत्तर न देता चार मिरच्या जास्त टाकतात. लग्नाच्या पंगतीत ते 1999 मध्ये पाउंड आणि न्यूटनच्या घोळात नासाचं यान मंगळावर कसं वाया गेलं, हे सांगतात. वाढपी जिलेबी घेऊन ताटकळतो.

पावसाळ्यात पाहुण्यांना किल्ला दाखवायला मात्र त्यांना नेऊ नये. बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी धबधबे कोसळत असतात, मधल्या पाणीमहालात उभ्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही, सगळे तोंडात बोट घालून बघतात आणि सर गवंड्याचा गज किती इंची होता याचा काथ्याकूट करतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, 1613 चं. "आम्ही इमारतीचं आयुष्य 50 नाहीतर 60 वर्षं धरतो," ते सुस्कारतात, "इथं भागाकार चारशेनं करावा लागेल." माझ्या मते हे त्यांचं एकमेव काव्य.

माणूस छळवादी आहे, यात वाद नाही. पण पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फाईलच्या नावात आता 'मिमी' किंवा 'मी' लिहिलेलं असतं, आणि त्यांनी बघितल्याशिवाय तिथला कुणी अहवालावर सही करत नाही.