घाईची वळणं

लग्नसराईत सुकापुरात घरोघरी पत्रिकांची चळत साठते आणि त्यांतल्या निम्म्या वाचताच येत नाहीत. डोळ्यांचा दोष नाही, टाइप वळणदार असतो. 'चि. सौ. कां.'ची वेलांटी थेट गणपतीच्या सोंडेला वळसा घालून येते आणि नवरदेवाच्या नावातला उकार खालच्या ओळीतल्या कैलासवासी आजोबांच्या डोक्याला टेकतो.

गंमत अशी की ही वळणं मुळात थाटाची नव्हेतच. ती कारकुनी घाईची. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत सुटायचा. बोरू उचलायला सवड नसे. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही नको म्हणून वेलांटी एकच! इंग्रजांच्या 'राउंडहँड' वळणानेही पेढ्यांवरच्या हिशेबाच्या वह्या भरल्या. त्याच घराण्यातल्या चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या अक्षरावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६६च्या सुमारास 'स्नेल राउंडहँड' हा टाइप घडवला. आता खतावणीतली ती घाई सोनेरी शाईत निवांतपणाचा आव आणते.

या टाइपात एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या हातात असते. नाव सगळंच्या सगळं कॅपिटलमध्ये टाकलं की हात सुटतात आणि नुसत्या शेपट्या उरतात. माथेरान रस्त्याकडच्या नव्या इमारतींच्या कमानींवर अशी नावं दिसतात. रिक्षावाला ती वाचायच्या भानगडीत पडत नाही; त्याच्या लेखी ती 'टाकीजवळची बिल्डिंग'.

असं अक्षर म्हणजे पैठणी. मिरवायची, राबवायची नाही. कमल शेडगे यांना हे नेमकं कळलं होतं. मराठी नाटकांची शीर्षकं ते हाताने रेखाटत. शब्द एक-दोनच, भोवती मोकळी जागा, आणि त्या वळणातच नाटकाचा स्वभाव. त्याच थाटात प्रयोगाची वेळ आणि तिकिटाचे दर लिहिले असते, तर थिएटरं रिकामी राहिली असती.

म्हणून डीटीपीवाल्याला मी सुचवलं, "दादा, नावं वळणदार राहू द्या, मुहूर्त आणि पत्ता तेवढा साध्यात टाका."

त्याने माउसवरचा हात न काढता उत्तर दिलं, "साध्यात टाकला तर गिऱ्हाईक विचारतं, पैसे कसले घेतले?"

त्याचंही खरंच आहे. पत्रिका वाचून लग्नाला जातो कोण? ती देवापुढे ठेवायची, मग फ्रिजवर. हॉलचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. खरं आमंत्रण उंबऱ्यातच होतं, "काकू, हळदीला यायचंच हां, मटण आहे!" मटणाचा बेत कुणी कुठल्याच टाइपात छापत नाही, तरी आजवर एकही पाहुणा वाट चुकलेला नाही.